सहाव्या मजल्यावरची हाक

नाहूर, मुंबई

तीर्थरूप आईस,
करुणाचा सप्रेम जयभीम.

फोनवर माझ्या आवाजावरून तू लगेच सगळं ओळखतेस, म्हणून लिहून पाठवते. मी बरी आहे. घर लहान आहे, पण वारा छान येतो. सम्यक जीव लावतो. त्याची रात्रपाळी आणि माझी दिवसाची, त्यामुळे बोलणं तेवढं कमी होतं.

परवा मरोळहून कामावरून आले, तर लिफ्ट बंद. आमचं घर अकराव्या मजल्यावर. भाजीची पिशवी घेऊन सहाव्यापर्यंत चढले, जरा टेकले आणि पायरीवरच डोळा लागला. कुणीतरी खांदा हलवला म्हणून जाग आली, तर समोर सासूबाई. मला शोधत एवढे मजले उतरून आल्या होत्या. वाटलं, आता ओरडणार. पण त्या शेजारी बसल्या.

"एवढी दमतेस, तर बोलायचं ना गं! तुझी आई लाडाने काय म्हणते तुला?"

"चिमी," मी म्हटलं.

"मग ऊठ चिमे. आज भाकऱ्या मी टाकते. सावकाश चढू."

मला एकदम रडूच आलं. त्यांना वाटलं, पाय दुखतायत. या घरात आल्यापासून त्या नावाने कुणी हाकच मारली नव्हती, आई.

बाबा गोळ्या वेळेवर घेतात का? तुझी कंबर कशी आहे? आणि हो, बाबांना मी जिन्यात झोपले ते सांगू नकोस. हाक मारली, तेवढं सांग.

तुझीच,
चिमी