रेणुकाचं दुखणं सासरा सांगतो

१२ फेब्रु.
सकाळची ड्यूटी. कॅज्युअल्टीत नुसता बाजार. मन्नाएखेळ्ळीजवळ जीप उलटली, सगळे जखमी एकदम आले. डॉक्टर तिकडंच अडकले. बाकीच्यांना तपासून हातावर रंगाची पट्टी बांधायचं काम माझ्यावर. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता, पिवळी म्हणजे थोडं थांबा, हिरवी म्हणजे निवांत बसा.

अँब्युलन्सनं हळ्ळीखेडकडची एक सून आली. रेणुका. पोटात दुखतंय, चक्कर येते. सोबत एकटा सासरा. पडदा ओढला, म्हाताऱ्याला बाहेर उभं केलं. "कधीपासून दुखायलंय गं?" पडद्याबाहेरून उत्तर, "सकाळधरनं, अक्का." "उलटी झाली?" "एकदा झाली." पेशंट कोण तेच कळेना. मग अगदी कानाशी जाऊन विचारलं, शेवटचं बाहेर कधी बसलीस? तिनं पदर दातात धरला. तेवढ्यात बाहेरून, "उपास धरलाय ओ तिनं. कालपासून पोटात काय न्हाई, म्हणून चक्कर यायलीय." तिनं होय म्हणून मान हलवली. नाडी जलद होती, बीपी ठीक. पिवळी बांधली.

थोड्या वेळानं वळून बघते तर पोरगी पांढरीफटक. बीपी लागेना. डॉक्टर धावत आले. सोनोग्राफी केली. गर्भ नळीत राहिलेला, नळी फुटलेली, पोटभर रक्त. तशीच ऑपरेशनला नेली.

घरी आले, ताट तसंच सरकवलं. 'हे' विचारत होते काय झालं. काही नाही म्हटलं. मी इथलीच, कमलनगरची. सासरा ऐकतोय म्हटल्यावर सून तोंड उघडत नाही, हे मला कुणी बाहेरून येऊन सांगायला हवं होतं का?

१३ फेब्रु.
वाचली. एक नळी काढावी लागली.

डॉक्टर हैदराबादकडचे, मराठीचा गंध नाही. "सिस्टर, उसने बताया क्यों नहीं?" मलाच. कुठून सुरुवात करणार सांगायला?

दुपारी वॉर्डात गेले. तिनं ओळखलं. सासऱ्याला ती मामा म्हणते. "मामापुढं तसलं कसं सांगू ओ अक्का? दोन महिने बाहेर बसले न्हाई, कळत व्हतं मला. पण ते तिथंच की."
"अगं, जीव जायलाय आन लाज कसली?" मी ओरडलेच. लगेच वाईट वाटलं.
"तुमी बोलला असता का?"
शेजारच्या बाईची सलाईन बघायचं निमित्त करून उठले.

१४ फेब्रु.
म्हाताऱ्यावर राग धरावा तर धरता येईना. मारुतीअप्पा. बायको वारलेली, मुलगा ट्रकवर, कधी इकडं कधी तिकडं. घरात ही दोघंच. सून चुलीपाशी कलंडलेली पाहिली तशी शेरडं शेजाऱ्याच्या दारात सोडली आणि अँब्युलन्स स्वतःच बोलावली. रक्त द्यायलाही निघाला होता, वय बघून परत पाठवला तर रुसला.

बायकांच्या वॉर्डात पाऊल टाकत नाही. दाराशी बसून डाळिंब सोलतो, दाणे वाटीत भरून माझ्याकडं देतो. "तिला म्हणावं, समदे खा." आज मलाही मूठभर दिले. खाल्ले. गोड होते, काय करू.

१६ फेब्रु.
मोठ्या सिस्टरना म्हटलं, बाईला तपासताना सोबतच्यांना पार बाहेरच्या बाकड्यापर्यंत पाठवू. "बघू." त्यांचं 'बघू' म्हणजे काय ते सगळ्या स्टाफला माहीत आहे. मी विचारणं सोडलं, सुरूच केलं.

पहिल्या तडाख्यात फजिती. औरादकडची मुलगी, भावाला हुसकून बाहेर काढला, तर तिला तेलुगूशिवाय काही येईना आणि माझं तेलुगू नमस्कारापाशी संपतं. भावाला परत बोलवावं लागलं. आला तो निवडून आल्यासारखा.

मग एक नवरा भांडायला उठला. "बाईमाणसाला एकटीला कामून सोडू? तुमचा काय भरवसा?" शब्दाला शब्द लागला. शेवटी वॉचमन मध्ये पडला. पण त्याची बायको, तो बाहेर गेल्यावर, पाच मिनिटं न थांबता बोलत होती. पोटाचं सोडून सगळं बोलली.

असंच चालायचं बहुतेक. तरी उद्याही बाहेर काढणार.

१८ फेब्रु.
रेणुकाला घरी सोडलं.

जायच्या आधी तिला एकटीला बसवून सांगितलं. दुसरी नळी चांगली आहे, मूल होईल. पण हे पुन्हाही होऊ शकतं. तारीख चुकली की थांबायचं नाही, त्याच दिवशी यायचं. आणि आल्या आल्या तूच सांगायचं, तुझ्या तोंडानं. "व्हय अक्का." तिच्या 'व्हय'वर माझा जीव ठरत नाही.

बाहेर जीपपाशी अप्पा. पिशवी हातातली खाली ठेवली.
"अक्का, एक इचारू? मी मधी मधी बोललो, म्हणून उशीर झाला का?"

कुणी सांगितलं याला? की स्वतःच इतके दिवस दाराशी बसून... खरं सांगायचं तर सांगण्यासारखं होतं, आणि त्यात निम्मा वाटा माझा होता.
"न्हाई अप्पा. तुमी लगेच आणलात म्हणून वाचली."
दुसरं वाक्य तरी खरं आहे.

म्हातारा रडला. भर रस्त्यात, पटक्याच्या शेवानं डोळे पुसत. मग एकदम हलका झाला. "मग आता काळजी न्हाई. पुढच्या बारीला बी मीच घिऊन येतो बघा. तिला बोलायला येत न्हाई, मी समदं नीट सांगतो."

रेणुका मागेच उभी होती. माझ्याकडं पाहिलं, पदर पुढं ओढला आणि जीपमध्ये चढली.

अप्पा, थांबा, असं तोंडात आलं होतं. जीप वळली.

टाके गावाकडंच कुठंतरी काढून घेतो म्हणाले होते अप्पा, म्हणजे इकडं येणं नाही. फोन करून तिच्याशी बोलावं, तर घरात फोन एकच. तो अप्पांच्या खिशात.