चहात काही नसतं

६ ऑगस्ट १९८४

सहदेवने आज ओपीडीत कोंडीत पकडलं मला. दोन महिने त्याची केस माझ्याकडे आहे. वय अठ्ठावीस, जोगेश्वरीला आईबरोबर राहतो. संपात मिल गेली, आता एका वर्कशॉपात आहे. पूर्वी आवाज ऐकू यायचे. गोळ्या त्याने कधीच्याच सोडल्यात. आता एकच तक्रार — आई चहात काहीतरी घालते. चहा प्यायलो की हात कापतात, जबडा आखडतो. महिनाभर घरचं काही तोंडात घालत नाहीये. वडापाव आणि केळी! गालफडं बसलीयत.

मी नेहमीचं समजावलं. हा आजाराचाच भाग, संशय असाच अगदी खरा वाटतो, वगैरे. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गळ्याशप्पथ सांगा, बाई. तुम्ही सांगितलंत तर पितो."

आता डॉक्टरने शपथा घ्यायच्या? कुठल्या पुस्तकात लिहिलंय! पण समोर माणूस वाळत चाललाय. घेतली. गळा चिमटीत धरून, शाळेत घ्यायचो तशी. चहात काही नसतं, गळ्याशप्पथ! दारातली नर्स फिदीफिदी हसत होती. हसू दे.

९ ऑगस्ट

प्यायला! त्याची आई मालनबाई मुद्दाम सांगायला आली. दोन्ही वेळचा चहा घेतो, जेवतोही. माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली तिने.

१७ ऑगस्ट

केस कॉन्फरन्स. सहदेवची केस मांडली. अख्खा विभाग बसलेला. पण बोलायला लागले आणि जमलं. संशय कसा रचला जातो, ते त्याच्याच शब्दांत सांगितलं. एकाने विचारलं, हात कापतात त्याचं काय? मी ठासून म्हटलं, या गोळ्यांनी कापतात, पण त्या तर बंद आहेत, मग कापतील कशाने? तोही भ्रमच. शपथेचं सांगितलं तेव्हा सगळे हसले.

आमच्या युनिटचे सर पुढेच होते, मान डोलवत. शेवटी उठून म्हणाले, "पद्मजाने पेशंटचा विश्वास मिळवलाय. हे शिकवून येत नाही." सर! जे वर्षाकाठी एकदा बरं बोलतात! घरी येताना पार्ल्यात उतरून जिलबी घेतली.

१८ ऑगस्ट

आत्या आली होती. म्हणे, वेड्यांच्या डॉक्टरणीला स्थळं कशी यायची? न येऊ देत! जिलबी मात्र चार खाल्ली.

२३ ऑगस्ट

आधी हे लिहून काढते.

दुपारी मालनबाई आली. सर रजेवर, म्हणून माझ्याकडे. "बाय, थेंब संपले. सायेब नाय तर तू लिवन दे."

कसले थेंब? तर चहातले! पिशवीतून छोटी बाटली काढून पुढे धरली. गोळ्यांतलंच औषध, पण ना रंग, ना वास, ना चव. शिमग्यापासून चालू आहेत. सरांनी स्वतः सांगितलेले, केसपेपरवर न लिहिता. पोरगा गोळ्या घेत नाही ना, मग चहातून द्या. ती बिचारी माझ्याकडे बघतच राहिली. "तुका म्हायत नाय?"

नाही, मालनबाई. माका म्हायत नाय! सगळ्या ओपीडीत मला एकटीलाच माहीत नव्हतं बहुतेक. हात कापत होते त्याचे, खरोखरच कापत होते. जबडा खरोखरच आखडत होता. आणि मी त्याला शहाणपण शिकवत होते.

लिहून दिलं नाही. सोमवारी सरांना भेटा म्हटलं. जेवण गेलं नाही.

२७ ऑगस्ट

सरांना विचारलं. वाटलं होतं, ओशाळतील थोडे तरी. छे! पेपर बाजूला ठेवून थंडपणे म्हणाले, त्या थेंबांवर तो कामाला जातोय, नाहीतर एव्हाना ठाण्याच्या मेंटलला भरती झाला असता. ते चाललं असतं का तुला? नसतं चाललं. आणि त्याचाच जास्त संताप येतोय.

मग मला का नाही सांगितलंत?

"सांगितलं असतं तर तू ती शपथ घेतली असतीस?"

म्हणजे शपथसुद्धा त्यांनी औषधातच धरली होती! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. सगळ्यांसमोर मी एका माणसाच्या खऱ्याला भ्रम म्हणत होते, आणि हे समोर बसून मान डोलवत होते! वर शाबासकी. आणि मी मूर्ख, जिलबी वाटली! दोन वर्षं या माणसाच्या शब्दावर चालले मी. बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

सहदेवला खरं सांगणार. परवा त्याची ओपीडी आहे. सरांनी युनिटमधून काढलं तर काढू देत.

२९ ऑगस्ट

सांगितलं. बाहेरच्या बाकावर बसवून सगळं सांगितलं — थेंब, आई, सर, माझी खोटी शपथ. तो भडकेल, उठून जाईल, पुन्हा खाणं टाकेल, सगळ्याची तयारी केली होती. तो शांतपणे ऐकत होता. चेहरा भरलाय त्याचा. माझं झाल्यावर इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "बाई, हे असंच सुरू होतं. मला पण अगदी खरं वाटायचं. घाबरू नका, सरांना दाखवा."