बाबांच्या वतीने

कुमहेलिग,
गुरुवार, दुपार

प्रिय गेथिन,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस, बाबा ठीक आहेत. म्हणजे जेवढे ठीक असू शकतात तेवढे. नाकात प्राणवायूची नळी, मांडीवर पेपर, आणि खिडकीतून दिसेल त्या माणसावर शेरा. आत्ता खुर्चीतच घोरतायत. त्यांना जाग यायच्या आत हे संपवायचंय, कारण जाग आली की आधी चहा, मग उशी, मग एवढा वेळ मी काय करत होते याची चौकशी. फोनवर हे बोलता आलं नसतं. या घराच्या भिंती तुला माहीत आहेत. स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी पुढच्या खोलीतून उत्तर येतं.

आज मतदान आहे. तिकडे उत्तरेत तू सकाळीच मुलांना घेऊन जाऊन आला असशील, देश वेगळा मागणाऱ्या तुझ्या प्लाइड पक्षाला मत देऊन, छाती फुगवून. इथे यंदाची निवडणूक म्हणजे मयताच्या घरात वाटण्या चालाव्यात तशी झाली आहे. लेबरचा उमेदवार कोण, हे आपल्या खोऱ्यात पूर्वी कुणी विचारत नसे. तो निवडून यायचाच. आता शेजारच्या मॉल्डविनच्या कुंपणावर त्या नव्या पक्षाचा हा मोठा फलक आहे. मॉल्डविन! खाणीच्या संपाच्या वर्षी युनियनच्या झेंड्याचा एक दांडा बाबांच्या हातात असायचा आणि दुसरा त्याच्या. बाबा आता त्याच्याशी बोलत नाहीत, पण तो कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला विसरला की मला पिटाळतात, "जा, त्या गद्दाराचा डबा ठेवून ये."

आणि मी लेबरची उमेदवार आहे. हसून घे एकदाचं. नव्या पद्धतीत माणसाला नाही, पक्षाच्या यादीला मत द्यायचं. जागा सहा, आणि यादीत जो वर तो आधी आत. आमच्या यादीत माझं नाव सहावं. ते निवडून यायचं तर या खोऱ्यासकट शेजारची सगळी खोरी एकजात लेबरच्या लाल रंगाची व्हायला हवीत. पक्षाच्या इथल्या शाखेचा ह्यू हिवाळ्यात घरी आला आणि त्याने बाबांच्या समोरच विचारलं, "नुसतं नाव हवंय गं नेरिस. यादी भरायचीय. तुला करायचं काहीच नाही." मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि बघते तर बाबा रडतायत. आपले बाबा, गेथिन! आई गेली तेव्हा कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांना चहा विचारत फिरणारे. "मतपत्रिकेवर आपलं आडनाव छापून येणार," एवढंच म्हणाले. मी हो म्हटलं. ह्यूने तिथल्या तिथे सही घेतली आणि दोन केक जास्तीचे खाऊन गेला.

खरं सांगू? माझं मन या पक्षावरून कधीच उडालं होतं. तुला म्हणून सांगते, कुणाला बोललेले नाही. दरवर्षी सभासदत्व चालू ठेवायचे ते बाबांसाठी. शाखेच्या बैठकीला जायचे ते परत आल्यावर कोण काय बोललं हे बाबांना सांगता यावं म्हणून. तिथे आता आम्ही पाचजण असतो आणि हीटर आमच्यापेक्षा जास्त बोलतो. मनाशी ठरवलेलं होतं की बाबा गेल्यावर सगळं सोडायचं. पक्ष सोडायचा, ही गल्ली सोडायची, समुद्राजवळ एक खोली घ्यायची, आणि मतही हवं तिथे द्यायचं. बापाच्या मरणावर टांगून ठेवलेलं आयुष्य. लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं ते.

प्रचाराला दारोदार हिंडले तेही अशीच. लाल फीत छातीला, आणि मनात हेच की कुणी काही विचारू नये. टेकडीवरच्या घरांमध्ये एका बाईने दार अर्धंच उघडलं. "नेरिस, तुझ्या आईने मागितलं असतं तर डोळे मिटून दिलं असतं मत. तुला कशाला देऊ? तू स्वतः तरी देणार आहेस का?" गंमतीत म्हणाली बिचारी. मी पत्रक तिच्या हातात कोंबलं आणि फाटकाची कडी लावायचीही विसरले. तिचा कुत्रा कोपऱ्यापर्यंत मागे आला.

तुझं ते पोस्टर तू विसरला नसशील. कार्डिफच्या विधानसभेची पहिलीच निवडणूक, खाली पुढच्या खिडकीत बाबांचं लाल पोस्टर, आणि सकाळी उठून बघतात तर वर तुझ्या खोलीच्या खिडकीत प्लाइडचं हिरवं. सगळी गल्ली खाली उभी राहून हसत होती. "माझ्या छपराखाली एकच रंग," म्हणून बाबा जिना चढले, आणि तू बॅग घेऊन उतरलास. त्यानंतर आईच्या मयतीला आलास तो एकदा. मधल्या काळात तुझं नाव या घरात निघालं नाही. तुझ्या मुलांचे फोटो मात्र बाबांच्या चष्म्याच्या डबीत सापडतात. कुणी ठेवले हे मी विचारत नाही.

काल सकाळी मी त्यांची दाढी करत होते. त्यांना दारापुढच्या पायऱ्या उतरवत नाहीत, म्हणून यंदा त्यांचं मत त्यांच्या वतीने मीच टाकायचं होतं. टपालाने पाठवा म्हटलं तर ऐकेनात. म्हणे मत माणसाच्या हातून पेटीत पडलं पाहिजे. वस्तरा गळ्यापाशी असताना म्हणाले, "माझं प्लाइडला टाक." मला वाटलं थट्टा करतायत. म्हटलं, "बाबा, यादीत मी आहे." तर म्हणतात, "सहावी आहेस. तुमच्या यादीतली पहिली तरी निवडून येते का बघ. तुला काय फरक पडतोय?" मी वस्तरा खाली ठेवला. त्यांच्या अर्ध्या गालाला साबण तसाच. मग म्हणाले, "त्याचं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. माझं चुकलं असंही नाही. आता पूस, डोळ्यात जातोय साबण." ज्यांच्यासाठी मी अडकून बसले होते ते स्वतः उडी मारून मोकळे झाले, गेथिन. मला साधं विचारलंही नाही.

सकाळी चॅपलच्या हॉलमध्ये गेले. टेबलाशी मव्हान्वी होती, माझ्याबरोबर शाळेत असलेली. एक माझी आणि एक बाबांची, अशा दोन मतपत्रिका देत म्हणाली, "दोन्हीकडे स्वतःचंच नाव! ऐट आहे बुवा." आडोशाला गेले. आधी बाबांची घेतली आणि त्यांनी सांगितलं तिथे फुली केली. जरा जोरातच केली, पेन्सिलचं टोक मोडलं. मग माझी घेतली. आता मला अडवणारं कुणी नव्हतं. इतकी वर्षं वाट पाहिली ती मोकळीक समोर कागदावर होती, आणि मला जमलं नाही. आमच्या यादीच्या तळाशी माझं नाव, त्यात बाबांचं आडनाव. मी लेबरला मत दिलं. या घरातलं एकुलतं एक लाल मत माझं, जिला ते द्यायचं नव्हतं तिचं. बाहेर येऊन भिंतीला टेकले आणि ह्यूने अंगठा वर करून शाबासकी दिली.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "टाकलंस?" म्हटलं, टाकलं. "तिथेच?" तिथेच. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गेथिनला कळव." एवढंच. त्यांच्याकडून यापेक्षा लांब माफी मिळायची नाही, हीच घे. तर कळवलं, त्यांचं काम झालं. आता माझं. तुला घरात परत घ्यायला त्यांनी माझ्याविरुद्ध मत दिलं, आणि ते टाकायलाही मलाच पाठवलं. मी नळाखाली भांडी धरून रडले, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. ये म्हणून त्यांनी सांगितलेलं नाही, ते कधी सांगणारही नाहीत. मी सांगते आहे. शनिवारी ये, मुलांनाही आण. नळी कशी बदलायची, गोळ्या कुठल्या, सगळं मी दाखवीन. चहात साखर किती हे ते स्वतःच ओरडून सांगतील. आणि मग मी जाईन. किती दिवसांसाठी हे विचारू नकोस बाख, माझ्या राजा, कारण तू विचारलंस तर मी थोडेच दिवस म्हणेन, आणि मला तसं म्हणायचं नाही.

तुझीच, शनिवारपर्यंत कशीबशी तग धरणारी,
नेरिस