पाहुण्यांच्या खोलीतून

बाई,

काल दुपारी मुलीचा एडिनबराहून फोन आला. "मम्मी, आई गेली," ती म्हणाली. माझ्या मोठ्या जाऊबाई पुण्यात वारल्या, एवढाच त्याचा अर्थ. मुलगी त्यांना आई म्हणते आणि मला मम्मी. कोण कोण, यात तिचा कधी गोंधळ झाला नाही. मी म्हटलं, "फार वाईट झालं. तू जेवलीस का?" आणखी दोन मिनिटं बोलून फोन ठेवला. कौन्सिलची गाडी सकाळी लवकर येते म्हणून कचऱ्याचे डबे फाटकाबाहेर नेऊन ठेवले. परत आत आले तेव्हा तुमची आठवण झाली. तुमच्या शेवटच्या दोन पत्रांना मी उत्तर दिलं नव्हतं. तुम्हाला जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली.

आठवलं ते तुमचं स्वयंपाकघर. एम.ए.चं दुसरं वर्ष. "पेशव्यांवर लिहायला रांग लागली आहे, तू त्यात उभी राहू नकोस," असं म्हणून तुम्ही मला प्रबंधासाठी काकेशसच्या डोंगरातले चेर्केस लोक दिले होतेत. झाडांना नवस बोलणारे, त्याच झाडांपाशी जुने क्रूस जपणारे आणि पुढे हळूहळू मशिदीकडे वळलेले. धर्माचं प्रकरण मी भराभर लिहिलं. गुरं, मध, गुलामांचा व्यापार, तेही लिहिलं. नव्या धर्मात सगळे सारखे म्हटल्यावर साधे शेतकरी सरदारांना कसे जुमानेनासे झाले, तेही बरं जमलं. अडलं ते अतालिक नावाच्या त्यांच्या रिवाजापाशी. सरदार आपलं लहान मूल हाताखालच्या एखाद्या घरी वाढवायला देत. मूल मोठं होऊन घोड्यावर बसून परत येई, वाढवणाऱ्याला गुरं मिळत आणि दोन घरांचं नातं रक्ताच्या नात्याइतकं घट्ट होई. आईबापांनी चारचौघांत मुलाचं कौतुक करायचं नाही, अशी रीत. मी लिहिलं, ही व्यवस्था मुख्यतः आर्थिक होती, आईच्या भावनेला तीत स्थान नव्हतं.

तुम्ही मटार सोलताय. माझे कागद ओट्यावर, डब्याखाली दाबून ठेवलेले.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"प्रवाशांनी लिहून ठेवलंय, बाई."

"कुठे बसून लिहिलं त्यांनी?"

मला प्रश्नच कळत नाही.

"अगं, परके पुरुष ते. त्यांना अंगणातल्या वेगळ्या पाहुणघरात उतरवायचे. बायकांचं घर त्यांनी बघितलंच नाही. आणि तू खुशाल त्यांच्या शेजारी जाऊन बसलीस! ऊठ तिथून. आणि शेंगा घे पुढ्यात, नुसती बघतेस काय."

मग पेन्सिल घेऊन तुम्ही समासात लिहिलंत: मूल परत आल्यावर आईचं काय? मी खाली "साधने उपलब्ध नाहीत" असं लिहून प्रकरण संपवलं. मला पहिला वर्ग मिळाला.

इंग्लंडला निघाले तेव्हा मुलगी दहा महिन्यांची होती. यांच्या नोकऱ्या सहा-सहा महिन्यांच्या, दर वेळी नवं हॉस्पिटल, राहायला एक खोली. मलाही काम करणं भाग होतं. जाऊबाईंना मूल नव्हतं. "ठेव माझ्याकडे, तुमचं बस्तान बसेपर्यंत," त्या म्हणाल्या. सोयीचं होतं आणि मी सोय बघितली. तुम्ही दोन स्वेटर विणून आणले होतेत, एक माझा, एक चिमुकला. मी म्हटलं, "लहान कशाला आणलात, ती इथेच राहणार आहे." तुम्ही म्हणालात, "म्हणजे तुझा प्रबंध संपला नाही अजून." मला संताप आला. तुमच्या दोन्ही पत्रांत शेवटी तिचीच चौकशी होती. उत्तर दिलं नाही ते त्यामुळे.

चार वर्षांनी आणायला गेले. जाऊबाईंनी बाहेरच्या खोलीत बसवलं, चांगल्या कपांतून चहा दिला. मुलगी त्यांच्या पदराला धरून दारात उभी होती. तिने विचारलं, "आई, ह्या कधी जाणार?" जाऊबाई रडल्या. मी चहा संपवला.

लीड्सला आल्यावर ती एकदाही रडली नाही. वाढलेलं सगळं खायची, ताटली स्वतः सिंकमध्ये नेऊन ठेवायची आणि काही दिलं की थँक यू म्हणायची. तिचे शिक्षक म्हणायचे, व्हेरी वेल ब्रॉट अप. मी अभ्यास घेतला, पोहायला नेलं, शिस्त लावली. कशात कमी पडू दिलं नाही. ती मोठी झाली, डॉक्टर झाली, दर रविवारी फोन करते. आधी पुण्याला, मग मला.

काल फोन ठेवायच्या आधी मी विचारलं होतं, "मी येऊ का तुझ्याबरोबर पुण्याला?"

ती अगदी प्रेमाने म्हणाली, "नको मम्मी. घरात सगळी गडबड असणार, त्यात तुझं नीट बघायला कोणाला वेळ होणार नाही. तू कम्फर्टेबल नसशील."

"बरं," मी म्हटलं. तिचं चुकलं नाही. मी तिच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

आज प्रबंधाची माझी हाताने लिहिलेली प्रत कपाटातून काढली. हा कागद तिच्यातच ठेवून देणार आहे. तुम्हाला एक सांगायचं राहिलं होतं. बांधणीला देण्याआधी समासातला तुमचा प्रश्न मी खोडरबराने पुसला होता. नीट पुसला गेलेला नाही. कागद तिरपा धरला की वाचता येतो.