अंतराच्या पडद्यावर मी अजून बाहेरच

बाळकुम, ठाणे
बुधवार

प्रिय शुभदा,

थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळव (मलम लावतेस का, हे विचारत नाही, लावत नसणारच). इकडे आम्ही तिघंही मजेत आहोत.

परवा तुझ्याकडून, डोंबिवलीहून, परतलो तेव्हा मनाने मी इथून निघालोच होतो. सलिल दिवसभर ऑफिसात, अंतराचं काम घरून. मी बाहेर पडलो तरी सूनबाई 'कुठे निघालात' असं विचारत नाही, परत आलो तरी मान वर करत नाही. म्हणून तर तुला मागची खोली माझ्यासाठी झाडून ठेवायला सांगितली. काल मात्र तिला चहा द्यायला गेलो आणि तिथेच खिळलो. तिच्या कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करण्याआधी एक ओळ येते, तिला प्रॉम्प्ट म्हणतात. कधी काय दाखवायचं, हे तिने त्या ओळीला शिकवून ठेवलंय. एरवी नुसता बाण. कंपनीच्या चालू सर्व्हरवर गेली की ओळ तांबडी होते, म्हणजे हात जपून. आधीचा हुकूम फसला असेल तर फुली. सगळं ठीक असेल तर अवाक्षर नाही. शुभदा, मी थक्क झालो. माझा जन्म गेला कोर्टाच्या कारकुनीत, तिथे रजेच्या अर्जालाही पानभर मथळा (आणि आपल्या घराण्यात गरजेपुरतं बोलणारं माणूस अजून जन्मायचंय).

तेवढ्यात बाणाशेजारी अक्षरं दिसली, 'बाबा बाहेर'. मी तर कप घेऊन तिथेच उभा. हे कोण बाबा, म्हणून विचारलं, तर ती अवघडली.

"तुमचा फोन घरच्या वायफायवर नसला की येतं ते. सारखं कुठे जाता विचारलं तर तुम्हाला पाळत वाटेल ना, बाबा."

गेल्या वर्षी मला नाक्यावर चक्कर आली, तेव्हापासून ते तिथे आहे म्हणे. मी एन्टर दाबून पाहिलं, पुन्हा 'बाबा बाहेर'. आणखी दाबलं, तरी तेच. माझे डोळे भरून आले (चहा फार गरम होता, असं मी तिला सांगितलं). इतके दिवस ही मुलगी दर ओळीला माझी चौकशी करत होती आणि मला पत्ता नाही.

तुझा,
त्र्यंबकदादा

ता. क. मागच्या खोलीत तू आपली लोणच्याच्या बरण्या ठेव. हे सलिलच्या फोनवरून सांगितलं असतं, पण त्याला त्या खोलीचं ठाऊक नाही, म्हणून पाकीट नीट चिकटवलंय.

आणखी एक ता. क. माझा फोन तुझ्या टीव्हीमागे चार्जिंगला राहिलाय. पत्र घेऊन आलेल्या सलिलच्याच हाती पाठव. अंतरा ती ओळ काही पुसत नाही, आणि मला घरी यायचंय.