बरगडीत न मारलेला चेंडू

थायलंडहून,
माझी माय सुमनबाई इले नीलेशचा जय भीम.

मी मजेत आहो. इथंही भातच खातात, पण चिकट. तुझा गुडघा कसा आहे? फोनवर सांगितलं असतं तर तू घाबरली असती, म्हणून लिहून राहिलो. शेजारच्या खुशबूकडून वाचून घेजो.

बेसबॉलमध्ये कोणता चेंडू टाकायचा, ते आमचा कॅचर मले बोटांच्या खुणांनी सांगते. समोरच्या टीमच्या कोचनं कॅमेरा लपवून त्या खुणा चोरल्या. चोरी सापडली तसा आमचा कप्तान भडकला. म्हणाला, "पुढच्या बॅटरच्या बरगडीत मार." तो बॅटर बिचारा तर त्याच दिवशी त्यांच्या टीममध्ये आला होता.

मले तू आठवली. शालिकरामनं आपल्या पाळीचं, आपल्या नंबरातलं तलावाचं पाणी चोरलं, तेव्हा सारे त्याच्या वावराचा धुरा फोडून, पाणी वाहवून धान सुकवायले निघाले होते. तू आडवी झाली. "धान कायले मारता? त्याचे लेकरं काय खातीन? त्याचा पाण्याचा नंबर कापा!"

मी चेंडू सरळ टाकला अन् त्या बॅटरले नियमानं आऊट केलं. लई अभिमान वाटते त्या चेंडूचा. तक्रार लीगकडे गेली अन् काल निकाल लागला. कोच वर्षभर बाहेर, त्यांची जीत रद्द.

कप्तान मात्र बोलत नाही, बाकावर बसवून ठेवते. फिकर करू नको. शालिकरामचं धान वाचवलं तेव्हा विहिरीवर तुझ्यासंगही कोणी बोलत नव्हतं, अन् तू डोक्यावर हंडा घेऊन ताठ मानेनंच घरी येत होती.

तुझ्याच वळणाचा,
नीलेश