बाळंतिणीच्या खोलीचं छत

२७ मार्च
लेक जुई पुढच्या आठवड्यात येतेय. पहिलं बाळंतपण, माहेरी. रिकामी खोली एकच, स्लॅबची. सासूबाईंचा हुकूम: "बाळंतिणीले कूलरचा वारा लागू देऊ नका." म्हणजे आता छतच थंड करा! ह्यांचं म्हणणं थर्माकोल, माझं चुना. खामगावचा दुकानदार दोन्ही विकतो, त्याला दोन्ही पटतं.

२९ मार्च
चुना ठरला. त्यासाठी स्लॅबवर रचलेलं तुराट्यांचं जळण उतरवलं. गच्ची लख्ख. दोघंही खूश.

३० मार्च
खोलीची भट्टी झाली! परवापर्यंत बरी होती. खुर्चीवर चढून छताला हात लावला, चटका बसला. एका कोपऱ्यावरच्या तुराट्या उतरवायच्या राहिल्यात, तिथे मात्र छत गार. हात इकडून तिकडे नेला. वीतभर अंतरात ऊन संपतं. अंगावर काटा आला. ह्यांनाही चढवलं. "आपुनच सावली काढून टाकली न वं!"

३१ मार्च
तुराट्या परत चढवू म्हटलं तर सासूबाई कडाडल्या, "लेकराच्या डोक्शावर जयन ठेवता काय? अन् इच्चू निंघते त्याच्यातून!" तेही खरं.
पण तुराट्यांत असतं काय? काड्या, आणि मधली हवा. थर्माकोलातही तेच. दरवर्षी वर्गात शिकवते, आणि आज थक्क झाले. काहीच नसलेली गोष्ट सूर्याला अडवते!

२ एप्रिल
कुंभाराकडची तडकलेली मडकी आणली. स्लॅबवर पालथी, पोटात नुसती हवा, फटींत विटांचा चुरा, वरून चुना. शेजारीण म्हणते, "काऊन बाई, मडक्याचं दुकान टाकून राह्यल्या काय?" हसू दे.

५ एप्रिल
जुई आली. भर दुपारी छत नुसतं कोमट. मी सारखी हात लावून बघते, विश्वासच बसत नाही. ती म्हणते, "आई, गार नाही म्हणत मी, पण झोप लागून राह्यली."

२४ एप्रिल
मुलगी! आज दवाखान्यातून घरी आणली. बाहेर रस्त्याचं डांबर पायाला चिकटतंय आणि ही मुठी वळून झोपलीय. हिच्यात आणि त्या सूर्यात फक्त मडक्यांतली पोकळी. बघताना डोळे भरून आले.
मे अजून यायचाय. ह्यांनी सासूबाईंना न सांगता कूलरमध्ये पाणी भरून ठेवलंय.
मघाशी बाळाच्या मानेखाली हात घातला, कोरडी होती. आत्ता परत घातला. ओलसर लागली. की माझाच हात ओला होता?